दोन पाकटांचे चाळीस तुकडे

मित्रांनो, मी एक जुना चिंचेचा ओंडका आहे. राजोडीच्या किनाऱ्यावर मासळीची शेड आहे, तिच्या डावीकडच्या खांबाला टेकून मी पडलेला असतो. शनिवार-रविवारी समुद्र बघायला येणारी मंडळी माझ्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावतात. खुशाल लावोत. मलाही माणसांची पुष्कळदा किळस येते, पण माझ्याकडे रुमाल नाही.

माझा जन्म चांदीपचा. तिथल्या एका शेताच्या बांधावर मी झाड म्हणून चांगला साठ वर्षं उभा होतो. एक्याण्णव साली रस्त्याच्या आड येतो म्हणून मला पाडलं. बुंध्याचे तीन भाग झाले. दोन वखारीत गेले आणि तिसरा, म्हणजे मी, टेम्पोत बसून राजोडीला आलो. मासळी कापायला चिंचेसारखं लाकूड नाही, ते कोयत्याचे घाव निमूट सोसतं, असं मला विकत घेणाऱ्या आग्नेसबाई म्हणाल्या होत्या. हे वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे, कारण त्यानंतर माझ्याबद्दल कुणी फारसं चांगलं बोललेलं नाही.

आग्नेसबाई विधवा. नवऱ्यामागे होडी धाकट्या दिराकडे, बॅप्टिस्टकडे गेली आणि आग्नेसबाईंकडे कोयता राहिला. होडीवरून येणारा मोठा मासा त्या माझ्यावर कापून विकत. काम संपलं की मला मीठ लावून घासायच्या, समुद्राच्या पाण्यानं धुवायच्या आणि वर ओलं पोतं टाकायच्या. हात सढळ आणि मन त्याहून सढळ. दारात आलेला माणूस रिकाम्या हातानं परत गेला तर त्यांना रात्रभर चैन पडत नसे. पोस्टमनलासुद्धा चार बोंबील बांधून देणारी बाई ती!

माझ्यावर घोळ आले, मुशी आल्या, पण सगळ्यांत जास्त आली ती पाकटं. तुम्ही पाकट पाहिलं नसेल तर सांगतो. सुपासारखा पसरट मासा, लांब शेपटी आणि शेपटीवर विषारी काटा. बहुतेक मासे हजारोंनी अंडी घालतात. पाकटाचं तसं नाही. ते पोटात पिल्लं वाढवतं आणि वर्षातून एकदा दोन-चारांना जन्म देतं. उन्हाळ्यात या माद्या पिल्लं घालायला उथळ पाण्यात येतात आणि नेमक्या तिथेच आपल्या लोकांची जाळी वाट बघत असतात.

सन दोन हजार तीनच्या एप्रिलमधली गोष्ट. बॅप्टिस्टच्या होडीवरून एक मोठी मादी आली. आग्नेसबाईंनी कोयता चालवला आणि तिच्या पोटातून तीन पिल्लं माझ्यावर पडली. तळहाताएवढी, मऊ, आणि जिवंत. ती माझ्या अंगावर फडफडू लागली. होडीवरच्या एकानं हसत हसत एक पिल्लू शेपटीला धरून कुत्र्याकडे फेकलं. बाकीचे दात काढत उभे होते. मित्रांनो, रक्त, आतडी, माश्या यांची मला कधी घाण वाटली नाही. त्या हसण्याची वाटली.

आग्नेसबाईंनी उरलेली दोन पिल्लं परातीत घेतली आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन सोडली. ती पुऱ्या दिवसांची नव्हती. थोड्या वेळानं लाटेबरोबर परत आली, पोट वर करून.

त्या दिवसापासून बाईंनी एकच धोशा लावला. उन्हाळ्याचे तीन महिने जाळ्यात आलेली पाकटाची मादी जिवंत असेल तर परत सोडायची, असा ठराव गावानं करावा. त्यासाठी शेडमध्ये सभा भरली.

"वयनी, दर्या काय आपली विहीर हाय?" बॅप्टिस्ट म्हणाला. "इथली सरली तर गुजरातची येतील. माशाला काय रेशनकार्ड लागतं?"

"आनि नाय आली तर, भावजी? कोनाला विचारशील?"

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की एका कॉलेजातून सुमेध नावाचा संशोधक याच कामासाठी येतो आहे, तो सांगेल तसं करायचं. सुमेध त्या सभेला आला नव्हता, त्याचं पत्र आलं होतं. ते चर्चच्या फादरांनी दुसऱ्या दिवशी इथेच पुरुष मंडळींना समजावून सांगितलं. मांसाच्या बारीकशा कणावरूनही पाकटाचं घराणं कळतं. अर्नाळा, राजोडी, नायगाव आणि डहाणू इथल्या प्रत्येकी दहा माशांचे कण तपासायचे. चारी ठिकाणची घराणी वेगळी निघाली, तर राजोडीचं घराणं संपल्यावर बाहेरून कुणी येणार नाही, म्हणजे माद्या सोडायलाच हव्यात. सगळी एकच निघाली, तर बॅप्टिस्टचं खरं. बायका तेव्हा लिलावात गुंतल्या होत्या. आग्नेसबाईंच्या कानावर एवढंच आलं की कॉलेजवाले पाकट तपासणार. त्या हरखून गेल्या.

सुमेध आला तो टळटळीत दुपारी. विरारच्या फ्लॅटमधून निघायला उशीर झाला म्हणे. लिलाव उरकला होता, शेड ओस पडली होती. आग्नेसबाईंपाशी फक्त दोन पाकटं शिल्लक होती.

"मावशी, मला चाळीस तुकडे हवे होते. नखाएवढे. पण आता सगळं संपलंच वाटतं."

एवढ्या उन्हात आलेला माणूस तोंड पाडून उभा आहे, हे बाईंना बघवेना. "बस रं मास्तर, मी देते कापून. पन दोनच मासे हायत. चालतील?"

त्यानं घड्याळ बघितलं. "चालतील. पाकट ते पाकट."

बाईंनी मायेनं, एकसारखे, चाळीस तुकडे कापले. वीस एकाचे, वीस दुसऱ्याचे, सगळे एकाच ढिगात. मग त्याच्यासाठी चहा आणायला गेल्या. सुमेधनं एकेक तुकडा स्पिरिटच्या डबीत टाकला आणि माझ्यावर डब्या मांडून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या. मला वाचता येत नाही, पण गृहस्थाला लिहिताना पुटपुटायची सवय होती. दहा अर्नाळा. दहा राजोडी. दहा नायगाव. दहा डहाणू. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पाहिले होते, याला तर उंटही लागला नाही! डहाणूपर्यंतची सगळी किनारपट्टी त्यानं माझ्या अंगावर पंधरा मिनिटांत फिरून घेतली. मी ओरडू शकलो असतो तर शेडचे पत्रे उडाले असते. बाई चहा घेऊन आल्या आणि वर सुक्या बोंबलांचं पुडकंही त्याच्या पिशवीत घातलं.

आठ महिन्यांनी सभा पुन्हा भरली. सुमेध खुर्ची सोडून माझ्यावर वर्तमानपत्र पसरून बसला, म्हणजे मासळीवाल्यांत मिसळल्यासारखं दिसेल. त्याच्या पँटचा तो स्पर्श मला आठवला तरी अंगावर शहारे येतात.

"अर्नाळा, राजोडी, नायगाव आणि डहाणू, या चारी बंदरांच्या पाकटांत काहीच फरक नाही," त्यानं अहवाल वाचला. "सगळी एकच आहेत. विशेष म्हणजे चाळीस नमुन्यांत फक्त दोनच प्रकार निघाले. इतकं कमी वैविध्य आम्हीही प्रथमच पाहतोय."

"बघ वयनी!" बॅप्टिस्टनं मांडीवर थाप मारली.

आग्नेसबाई मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "किती परकार, मास्तर?"

"दोन, मावशी."

"दोनच?"

"दोनच. आश्चर्य आहे ना?"

"त्यात कसलं आश्चर्य!" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मासेच दोन होते. सगले तुकडे मी ह्या ओंडक्यावर कापले. अर्नाळ्याचे कवा आनले तू? डहानूला कवा गेला?"

सुमेधनं कागद सारखे केले. "मावशी, आमच्या शास्त्राची एक पद्धत असते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसं."

"शितावरून भाताची. एका शितावरून चार घरच्या भाताची नाय!"

मला वाटलं, आता तरी कुणी उठेल. उठला तो बॅप्टिस्ट. "शिकलेला मानूस खोटा आनि तू खरी का? आनि तुकडे तूच दिले ना वयनी? मंग बोलते कशाला?" तो खोटं बोलत होता असं नाही. हाच तर घाव वर्मी बसला. तुकडे बाईंनी दिले हे आणि अहवाल खोटा आहे हे, बाकीच्यांना दोन्ही गोष्टी कळल्या होत्या, मी त्यांचे चेहरे बघत होतो. पण खोटं सोयीचं असलं की त्याची दुर्गंधी कुणाला येत नाही. हात वर झाले आणि ठराव बारगळला.

आग्नेसबाई त्या संध्याकाळी मला घासायला बसल्या आणि घासतच राहिल्या. "मीच कापून दिले," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्या दिवसानंतर पाकटाची मादी आली की त्या कोयता खाली ठेवायच्या. मग बॅप्टिस्ट तो उचलायचा. पिल्लं पडायची, कुत्री तयारच असायची. पहिल्या उन्हाळ्यात पुष्कळ माद्या आल्या, दुसऱ्या उन्हाळ्यात पाच, तिसऱ्या उन्हाळ्यात एक. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात एकही आली नाही. गुजरातचीही आली नाहीत. बॅप्टिस्ट रोज पहाटे किनाऱ्यावर उभा राहून वाट बघायचा आणि मला त्याची दया येत नव्हती.

त्याच वर्षी सुमेध पुन्हा आला. आता तो मोठा साहेब झाला होता. नवा विषय मिळाला होता: पाकटं कमी का झाली.

"मावशी, नमुने हवेत. ताजे नसले तर सुकेही चालतील."

आग्नेसबाईंचे केस पार पिकले होते. त्यांनी त्याला बस म्हटलं नाही. माझ्यावरचं पोतं बाजूला केलं. "राजोडीची पाकटं? सगली ह्याच्यात मुरलीत. खरवडून ने."

त्यांनी हे जिव्हारी लागावं म्हणून म्हटलं होतं. त्यानं क्षणभर विचार केला, पिशवीतून पातं काढलं आणि खरोखरच खरवडायला बसला. डबी भरली, झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली. सोळा वर्षं हजारो घाव सोसले, पण कुणी मला हात लावू नये असं मला त्या दिवशी प्रथमच वाटलं. बाई तोंड फिरवून पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. लाकूड आहे, झिजेन आणि एक दिवस चुलीत जाईन. पण कुणी तुमच्यापुढे ठाम अहवाल वाचू लागला, तर त्याला विचारा, मासे किती होते आणि तू कुठे कुठे गेला होतास. लाजू नका, मोठ्यानं विचारा आणि वेळेवर विचारा. पोटुशी मादी जाळ्यात फडफडत असते तेवढाच वेळ तुमच्या हातात असतो. एकदा ती माझ्यावर आली की संपलं. माझ्यापर्यंत आलेलं काहीही परत पाण्यात पोहलेलं मी पाहिलेलं नाही.