ज्वालेचे तास

चिमणीच्या टोकावरची ज्वाला विझलेली पाहून मला आनंद झाला होता, हे आधीच कबूल करते. भुवनेश्वरच्या हवामान-बदल कक्षात नऊ वर्षं खुर्ची उबवली ती ह्याचसाठी. पोलादाच्या भट्टीतून उरलेला वायू चिमणीवर जाळून टाकायचा नाही, त्याची वीज करायची. नियम मीच लिहिला होता. ज्वाला जितके तास पेटलेली, तितकं प्रदूषण कारखान्याच्या नावावर. सोपं, कुणालाही मोजता येईल असं. सचिवांनी पाठ थोपटली होती.

ह्या कारखान्याने महिनाभर शून्य तास कळवले. मी शाबासकीचं पत्र घेऊन आले.

चैत्रातली दुपार होती आणि पान हलत नव्हतं. गदाधर स्वाईं नावाचे जुने ऑपरेटर मला ‘आपा’, म्हणजे ताई, म्हणत फिरवत होते.

"वीजघर बंद दिसतंय," मी म्हणाले.

"टर्बाइन बिघडलंय, आपा. महिना झाला. सुटे भाग यायचेत."

"मग वायू जातो कुठे?"

गदाधरबाबूंनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि चिमणीकडे बोट केलं. "तिथूनच. फक्त पेटवत नाही. साहेब म्हणाले, नियमात ज्वालेचे तास आहेत, वायूचं नाव नाही. नियम लिहिणारी बाई भलतीच सोयीची निघाली, म्हणाले."

"ती बाई मीच."

"अरे जगन्नाथा!" त्यांनी कान पकडले.

मला भयंकर राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. न जळलेला तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, निव्वळ विष. वास नाही, रंग नाही. वारा असला तर विरून जातो. आज वारा नव्हता.

"चिमणीच्या ह्या बाजूला कोण काम करतं?"

"कुंपणापलीकडे ठेकेदाराच्या बायका. भट्टीतून निघालेली दगडासारखी मळी फोडतात. आत्ता शेडमध्ये जेवत असतील."

"तिथे धोक्याचा भोंगा आहे?"

"भोंगे कुंपणाच्या आत, आपा. त्या आपल्या हजेरीवर नाहीत ना."

"भट्टीतला हवेचा झोत कमी करायला सांगा. रुग्णवाहिका बोलवा. आत्ता!" असं ओरडून मी पळत सुटले. कुंपण ओलांडलं तसा माझ्या खिशाला लावलेला वायूचा मीटर कोकलायला लागला. मी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेडच्या बाहेर, झाडाखाली, बायकांची मुकादम झुनू मउसी ताडाच्या पंख्याने वारा घेत बसली होती. आत दहा-बारा जणी ओळीने आडव्या झालेल्या. पितळ्यांत पखाळ, म्हणजे आंबवलेला पाणीभात, अर्धामुर्धा तसाच राहिलेला.

"उठवा त्यांना! बाहेर काढा!"

"हळू गं आपा," मउसी म्हणाली. "पखाळ पोटात गेलं की डोळा लागतोच. उन्हाने डोकी दुखतात पोरींची, पडू दे जरा."

"रोज अशाच झोपतात?"

"महिनाभर असंच चाललंय. आधी अर्ध्या तासात उठून भांडायच्या माझ्याशी. आता हलवून हलवून हात दुखतो. पखाळाची नशा, दुसरं काय!"

मी श्वास रोखून आत शिरले. मीटर कानठळ्या बसवत होता.

मागून मउसी हसली. "बघ, एवढं वाजतंय, तरी एक तरी उठली का?"