लेप देणारा हात

“लाल दिव्यात काही दिसत नाही हो, प्रमिलाताई. नुसत्या अंदाजानं काच फिरवायची,” सुरेश काउंटरमागे उभा राहून तळहातावर नसलेली काच तोलून दाखवत होता. “गरम लेप मधोमध ओतायचा आणि चारी कोपऱ्यांना न्यायचा. एक थेंब खाली सांडला की खलास.”

प्रमिलाताई दुबईच्या महाराष्ट्र मंडळाच्या चिटणीस. त्या कौतुकानं ऐकत होत्या आणि अण्णांच्या सत्कारातल्या मानपत्रासाठी मुद्दे टिपून घेत होत्या. शारजातल्या त्या फोटो लॅबच्या दारात, अबुधाबीपलीकडच्या रुवैसहून निघून बस नि टॅक्सी बदलत आलेला उपेंद्र खांद्यावरची बॅग न उतरवता उभा राहिला. तळहातावर काच कोणी धरत नसे. बोटांच्या टोकांवर धरत. पण ते सुरेशला कुठून माहीत असणार? तो पुण्याला कॉमर्स शिकत होता. दिवाळीच्या सुट्टीत कारखान्यात यायचा, तेही बाहेर पॅकिंगला बसायला. अंधाऱ्या खोलीत उभा राहायचा तो उपेंद्र.

कारखाना म्हणजे कराडचा तेजस ड्राय प्लेट वर्क्स. अण्णा, म्हणजे या दोघांचे वडील सोमनाथ मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे. दुसऱ्या महायुद्धात फोटो काढायच्या परदेशी काचेच्या प्लेटा येईनाशा झाल्या आणि गावोगावचे फोटोग्राफर हात बांधून बसले, तेव्हा या माणसानं खिडकीच्या काचा कापून घेतल्या, जिलेटिन शिजवलं, त्यात चांदीचं मीठ मुरवलं आणि घरामागच्या खोलीत प्लेटा बनवल्या. पहिल्या प्लेटांवर बुरशी आली, पुढच्यांचा लेप उन्हाळ्यात ओघळला. मास्तर हटले नाहीत. पुढं सातारा-सांगलीकडच्या कित्येक लग्नांतले नवरा-नवरी तेजसच्या काचेवर उमटले. मग फिल्मचे रोल आले आणि काचेला कोणी विचारेना. कारखान्याला कुलूप लागलं. सुरेश गल्फला आला, स्टुडिओ काढला, रंगीत लॅब टाकली. त्याच्याच ओळखीनं उपेंद्रला रुवैसच्या रिफायनरीत स्टोअरकीपरची नोकरी लागली. ते उपकार त्याला इतक्या वर्षांत पचले नव्हते.

“म्हणजे ठरलं. उद्या स्टेजवर दोनच खुर्च्या,” प्रमिलाताई म्हणाल्या. “एक अण्णांची आणि शेजारी त्यांच्या हाताखाली काम केलेल्या मुलाची. तुम्हीच.”

तेवढ्यात सुरेशची नजर दाराकडे गेली. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, लगेच सावरला. “अरे दादा, ये ना. प्रमिलाताई, हे माझे मोठे बंधू. रुवैसला असतात, स्टोअर सांभाळतात.”

उपेंद्रनं नमस्कार केला. स्टोअर सांभाळतात! ओठांवर आलेलं त्यानं गिळलं. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. लॅब सुरेशची, अल नहदाचा तीन बेडरूमचा फ्लॅट सुरेशचा, अण्णासुद्धा सुरेशकडे. राहता राहिली होती एक अंधारी खोली. तीही आता याला हवी? अण्णांनाच सांगायला लावतो, असं मनाशी घोकत त्यानं घराची किल्ली मागून घेतली आणि तो निघाला.

सुरेशची बायको छाया भाजी आणायला गेली होती. नातू कुशल कॉम्प्युटरवर होता. “हाय काका. आजोबा इज अवेक,” एवढं बोलून तो परत स्क्रीनकडे वळला.

अण्णा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. उपेंद्र पायथ्याशी बसला आणि कसं वाटतंय म्हणून विचारू लागला. दोघा भावांचा आवाज एका साच्यातला. फोनवर छायासुद्धा फसायची.

“आज लवकर बंद केलंस दुकान, सुरेश?” अण्णा म्हणाले.

मी उपेंद्र, म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण अण्णाच पुढं बोलू लागले.

“त्या बाईंना फोनवर सांगत होतास, ते ऐकलं मी. लेप तू द्यायचास म्हणून. सांग बापडा. तुझ्या घरात राहतो, तुझा शब्द खाली पाडणार नाही मी. पण हात त्याचा होता रे. उपेंद्राचा.”

उपेंद्र पायथ्यापासून थोडा पुढं सरकला.

“तव्यावर तूप पसरावं तसा लेप जायचा त्याच्या काचेवर. चारी कोपरे भरायचे, मागं ओघळ नाही. मी बनवलेल्या प्लेटांतसुद्धा शंभरात पाच-सात वाया जायच्या. त्याच्या जात नसत. मला आधी कौतुक वाटायचं, मग पोटात दुखायला लागलं. बापाच्या पोटात, बघ.” अण्णा स्वतःशीच हसले. “ओल्या काचेवर बोलायचं नाही हा नियम मीच केला होता. थुंकीचा कण उडाला की डाग पडायचा. म्हटलं, बाहेर आल्यावर सांगू. बाहेर आलं की वाटायचं, उद्या सांगू. तुला रोज सांगून पिडतो. त्याला सांगायचं तेवढं राहिलं.”

ज्या शब्दांसाठी उभा जन्म झुरला, ते ताटात वाढून समोर आले होते. आपण कोण ते सांगितलं तर अण्णा ओशाळतील, गप्प होतील. आणि त्याला अजून ऐकायचं होतं. ही हाव त्याची त्यालाच कळत होती. त्यानं सुरेशसारखा हुंकार दिला. अण्णा बोलत राहिले, बोलता बोलता पेंगले.

तो वळला तर दारात सुरेश उभा. केव्हा आला होता कोण जाणे. त्यानं खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं.

“झालं ऐकून?” त्यानं गॅसवर चहाचं आधण ठेवलं. पाठ वळवूनच बोलत होता. “मी रोज ऐकतो, दादा. आंघोळ मी घालतो, नखं मी काढतो, घास मी भरवतो. आणि वरण-भाताच्या प्रत्येक घासाला उपेंद्राचा हात, उपेंद्राचा हात. एकदा वाटलं, आपलाही असावा हात. चार लोकांत तरी.”

ज्याच्यावर आपण जळत आलो, तो आपल्यावर जळत होता. याचा आनंद व्हावा की लाज वाटावी?

“तूच बस खुर्चीत,” उपेंद्र कसाबसा म्हणाला.

“उगाच मोठेपणा नको. प्रमिलाताईंना फोन केला मी येताना. म्हटलं, माझी चूक झाली, तो दादा होता.” सुरेशनं साखर घातली. “उद्या मंडळभर होईल.”

शुक्रवारी संध्याकाळी दुबईतल्या शाळेच्या हॉलमध्ये दीडेकशे माणसं जमली. प्रमिलाताईंनी तेजसचा इतिहास वाचला. उपेंद्रचं नाव आलं तेव्हा टाळ्या पडल्या. तो अण्णांशेजारी बसला होता. माईक समोर आला, तेव्हा दोन वाक्यं बोलून त्यानं हात जोडले. अण्णा मात्र रंगात आले. जिलेटिनच्या वासानं शेजारी भांडायला यायचे ते सांगितलं, सगळ्यांना हसवलं आणि शेवटी शेजारच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “हा माझ्यापेक्षा चांगली काच करायचा.”

हॉल उभा राहिला. पहिल्या रांगेत सुरेशही उभा राहिला, सगळ्यांइतक्याच टाळ्या वाजवत. उपेंद्रनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याला वाटलं, आता आपलं कोणाकडं काही मागणं राहिलं नाही.

कार्यक्रम संपला. अण्णांना उठायचं होतं. उपेंद्रनं लगबगीनं त्यांचं मनगट धरून ओढलं, तसे ते कण्हले आणि परत खुर्चीत बसले. त्यांचा हात अधांतरी चाचपडू लागला.

“सुरेश कुठाय? सुरेश, चल रे घरी.”

सुरेश पायऱ्या चढून आला. एक हात त्यानं अण्णांच्या काखेत घातला, दुसरा कमरेमागं आणि थोडी वाट बघत थांबला. मग दोघं एकदमच उठले. पायरीशी आल्यावर सुरेशनं नुसता गुडघा त्यांच्या गुडघ्याला लावला, तसा अण्णांनी पाय खाली टाकला. मग दुसरा. बापलेक एका चालीनं रांगांमधून दाराकडं निघाले.

उपेंद्र स्टेजवर उभा होता. अण्णांची शाल आणि नारळ त्याच्या हातात होते. ते दोघं दाराबाहेर जाईपर्यंत तो सुरेशच्या हातांकडं बघत राहिला.