शेवटी लोंबणारा शब्द

इंग्रजी वाक्याच्या शेवटी एखादा शब्द लोंबत राहिला, तर आमच्या यांना जेवण गोड लागत नसे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. मीही म्हणते. सरांचा नियम साधा. 'ज्या खुर्चीवर मी बसलो' हे इंग्रजीत सांगायचं तर 'द चेअर ऑन व्हिच आय सॅट' असंच सांगायचं. तो 'ऑन' आधी आलाच पाहिजे. 'द चेअर आय सॅट ऑन' म्हणणारा माणूस म्हणजे सरांच्या लेखी शर्टाची बटणं न लावता चारचौघांत आलेला. मला इंग्रजी येत नाही, पण यांच्याशी संसार करून करून एवढं मला झोपेतही सांगता येईल.

लेकीला त्यांनी याच तालमीत तयार केली. घरात पाहुणे आले की तिला उभी करायचे, एक लोंबतं वाक्य द्यायचे आणि ती ते फटाफट सुधारून दाखवायची. टू हूम, फॉर व्हिच, विथ हूम. सरांची छाती फुगायची. खोटं कशाला बोलू, माझीही फुगायची. आपली पोर कुठे अडणार नाही, असं वाटायचं.

अडली. नोकरीच्या मुलाखतीला गेली की तिथले लोक एकमेकांकडे बघून गालात हसायचे. एकाने तर सरळ विचारलं, "तुम्ही घरीपण असंच बोलता?" शेवटी एका कंपनीने घेतली, तीही कच्ची. परदेशात कोणाचं यंत्र बिघडलं की ते इथे फोन करणार आणि ही त्यांना उत्तरं देणार. काम बरं वाटलं तर कायम करू, म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात, ऑफिसात शिकवणी चालू असताना, तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "अगं, तू 'टू हूम ॲम आय स्पीकिंग' म्हणतेस ना, तेव्हा गिऱ्हाइकाला वाटतं फोन चुकून कोर्टात लागलाय. फोन ठेवून देतात ते. साधं बोल. 'हू ॲम आय स्पीकिंग टू.' झालं."

झालं कसलं! लहानपणापासून घोटलेली जीभ ती, अशी एकाएकी थोडीच वळते? पोर न्हाणीघरात नळ सोडून शेवटी 'टू' लावायचा सराव करायची. यांच्या कानावर जाऊ नये म्हणून नळ. पण सरांचे कान म्हणजे काय विचारता. मी हाका मारून दमले तरी ऐकू येत नाही, आणि भिंतीपलीकडचा 'टू' बरोबर ऐकू येतो.

"काय चाललंय हे?" ते दाराबाहेरून गरजले.

"बाबा, नोकरी आहे ती. तिथे असंच बोलतात."

"चुकीचं बोलायचे पैसे देतात?"

"चुकीचं नाहीये ते. सगळं जग असं बोलतं."

"सगळं जग माझ्या वर्गात नव्हतं. तू होतीस."

त्यांचंही दुखणं मला ठाऊक होतं. शाळेत नवे मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, सर, तुमचं इंग्रजी आता कोणी बोलत नाही, मुलं कंटाळतात. बाहेरचा रस्ता दाखवला. तेव्हापासून घरी बसून पेपरातल्या चुकांवर पेन्सिलीने गोल काढायचे, एवढाच उद्योग. मी लोकांचे कपडे उसवून-शिवून देते, पण आता सुईत दोरा ओवायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. म्हणजे घर चालायचं तर लेक कायम व्हायला हवी होती. हे आम्हा तिघांनाही कळत होतं, आणि सरांना कळत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

शिकवणी संपल्यावर काम घरूनच होतं. आतल्या खोलीत टेबल, त्यावर कंपनीचा कॉम्प्युटर, कानाला कंपनीचा हेडफोन. कंपनीचा एक नियम मात्र फार कडक. गिऱ्हाईक आपला पत्ता सांगणार, कार्डाचा नंबर सांगणार, तेव्हा खोलीत दुसरं माणूस असता कामा नये. दुसरा आवाज रेकॉर्डिंगमध्ये सापडला की संपलं. लेकीने आम्हा दोघांना समोर बसवून हे सांगितलं होतं. तिची ड्युटी सुरू झाली की मी शिलाई मशीनला हात लावत नव्हते, कुकर लावत नव्हते. शिंकसुद्धा पदरात शिंकायची. सरांनीही मान हलवून कबूल केलं होतं.

त्या दिवशी फार उकडत होतं, म्हणून तिने दार थोडं उघडं ठेवलं. बाहेरच्या खोलीत सर पेपर घेऊन बसलेले, मी डाळ निवडत होते. आत लेक कोणा म्हाताऱ्या बाईशी बोलत होती. फार गोड बोलत होती हो. त्या बाईचं कपडे धुवायचं मशीन बंद पडलं होतं, नवा भाग पाठवायचा होता, हे मला लेकीकडून मागाहून कळलं. लेकीने विचारलं, "अँड द ॲड्रेस यू वॉन्ट इट सेंट टू?"

मी सरांकडे पाहिलं. पेपर खाली आला होता, पेन्सिल वर झाली होती. मी तोंडावर बोट ठेवेपर्यंत खणखणीत, अगदी मागच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज निघाला.

"टू व्हिच! द ॲड्रेस टू व्हिच!"

आत लेक काहीतरी हसून बोलली, बाईची माफी मागितली आणि काम पुरं केलं. बाहेर आली तेव्हा तोंडावर रक्त नव्हतं. सर म्हणाले, "तोंडातून निघून गेलं." एवढंच. चुकलो म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिच्या साहेबाचा व्हिडिओ कॉल आला. तरुण होता, स्वभावाने बरा वाटला. मी दाराशी उभी, सर माझ्या मागे. साहेब म्हणाला, "हे बघ, आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय. कालच्या कॉलमध्ये मागे एक आवाज आहे. तुझं काम चांगलंय, कायम करायच्या यादीत तुझं नाव मीच घातलंय. म्हणून नीट आठवून सांग. खिडकीतून आला असेल ना तो आवाज? रस्त्यावरून?"

आंधळ्यालाही दिसलं असतं की तो बिचारा हात पुढे करतोय. लेकीने तो धरला.

"हो सर. बाहेरचा कोणीतरी होता. कोण ते माहीत नाही."

"मग प्रश्नच मिटला. खिडकी लावत जा."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात माझा खांदा बाजूला सारून सर आत गेले. मी त्यांचा सदरा धरला होता, तो हातातून सुटला. लेकीच्या मागे ताठ उभे राहिले, कॅमेऱ्यात बघितलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले,

"आय ॲम द मॅन फ्रॉम हूम शी लर्न्ट हर इंग्लिश."

वाक्य अगदी बरोबर होतं. शेवटी काहीही लोंबत नव्हतं.

साहेब डोळे चोळून म्हणाला, "आता माझ्या हातात काही नाही गं. हे सगळं वर जाणार." आणि पडदा काळा झाला.

माझा संताप संताप झाला. "अहो, मिटलं होतं ना! दोन मिनिटं दम धरवला नाही तुम्हाला?"

सर माझ्याकडे बघतच नव्हते. लेकीला विचारत होते, आणि आवाज अगदी बारीक झाला होता. "मी बाहेरचा? माहीत नाही, म्हणालीस. मी कोण ते तुला माहीत नाही?"

त्यांचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. शाळेने टाकलेला माणूस, त्याला पोरीनेही ओळख दाखवली नाही, हे कळत होतं मला. पण त्या एका ओळखीसाठी त्याने पोरीच्या ताटात माती कालवली, हेही कळत होतं.

लेक रडली नाही. हेडफोन काढून तिने टेबलावर ठेवला, त्याची वायर नीट गुंडाळली. मग खुर्ची वळवून म्हणाली, "बाबा, मघाशी तुम्हाला बाहेरचं म्हटलं ते नोकरीसाठी. आता मनापासून म्हणते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बाप-लेकीचं बिनसलं की मी मध्ये पडते, ही आमच्या घरची रीत. तू तिला समजाव, असं ते बघणं होतं.

मी मध्ये पडले नाही. कंपनीचं सामान परत करावं लागणार होतं, म्हणून माळ्यावरचा खोका काढायला गेले.