सारासोट्यातला शिशिर

शिशिर होता, पण शिशिराची एकही खूण त्या किनाऱ्यावर नव्हती. मेक्सिकोच्या आखाताचे पाणी हिरवे, निळे, पुन्हा हिरवे. वाळू दळलेल्या स्फटिकासारखी शुभ्र, भर उन्हातही तळव्यांना गार. संत्र्यांनी वाकलेल्या फांद्या, बोगनवेलींनी पेटलेली कुंपणे, आणि लांबलचक चोचींचे पाणकोळी, आभाळातून दगडासारखे समुद्रात कोसळणारे.

उत्तरेकडची, बर्फाने गारठलेली म्हातारी माणसे या दिवसांत फ्लोरिडाच्या सारासोटा गावात उतरत. या चार महिन्यांना सारे गाव नुसते ‘सीझन’ म्हणे. सीझन म्हणजे संगीत. सीझन म्हणजे चित्रे. सीझन म्हणजे समुद्रकाठच्या मेजांवरची, मेणबत्तीच्या उजेडातली, सावकाश सरणारी जेवणे.

त्या सीझनला सावंतवाडीहून अच्युत चितारी आणि त्यांची बायको द्वारकाबाई आली.

मुलाने, श्रीरंगाने, हट्टाने बोलावले होते. बावीस वर्षे तो अमेरिकेत, आणि दर वर्षी ‘पुढच्या वर्षी या’ म्हणणारा. यंदा मात्र फोनवर त्याचा आवाज निराळाच होता. ‘बाबा, ह्याच वर्षी. चार महिने. काय काय दाखवायचंय तुम्हाला.’ त्याला मूलबाळ नव्हते. घरात तो आणि त्याची बायको मेधा, दोघेच. त्या दोघांच्या घरात आता चौघांची पादत्राणे दिसू लागली.

अच्युतराव शहात्तर वर्षांचे. सारे आयुष्य त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले: राजवाडे, उद्याने, चांदण्यात निजलेली तळी. हात आता कापत, पण नजर शाबूत होती. जगाकडे ते रंगांतूनच बघत. माणसाचे नाव विसरत, त्याच्या सदऱ्याची छटा विसरत नसत.

आणि काय तो सोहळा! खाडीकाठच्या नाट्यगृहात साठ व्हायोलिने एकाच श्वासाने उसळत, तेव्हा द्वारकाबाई पदराचे टोक मुठीत धरून बसे. ऑपेराची नायिका गात गात मरे, आणि मेल्यावरही उठून वाकून नमस्कार करी, तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसे. संध्याकाळी किनाऱ्यावरच्या हॉटेलात खेकड्यांचे दगडासारखे टणक, काळ्या टोकांचे नांगे लाकडी हातोडीने फोडायचे. लिंबाच्या ‘पाय’ नावाच्या आंबटगोड पक्वान्नाचा शेवटचा तुकडा चौघांत वाटून घ्यायचा. आणि सूर्य बुडताना अनोळखी माणसांबरोबर टाळ्या वाजवायच्या.

घरी असली की स्वयंपाकघर द्वारकाबाईचे. पिशवीतून आणलेली आमसुले, कुळथाचे पीठ, मालवणी मसाल्याची बरणी. वडे फुगत, सोलकढीचा गुलाबी पेला भरे, आणि ती लेकाच्या ताटात वाढत राही, वाढतच राही.

‘जेव रे झिला. बघ, हाडां दिसतत तुझी.’

श्रीरंग जेवे. प्रत्येक घासाला दाद देई. आणि शेवटचा भात संपताच ‘ऑफिसचा फोन आलाय’ म्हणत उठे, आतल्या खोलीत जाई, दार लावून घेई.

पौषातल्या एका सकाळी तो वडिलांना एकट्यालाच चित्रसंग्रहालयात घेऊन गेला. गुलाबी भिंतींचा प्रासाद, त्यात पुरुषभर उंचीची तीनचारशे वर्षांची तैलचित्रे. वरच्या काचेच्या छतातून थंड, शांत, निर्विकार प्रकाश उतरत होता. चित्रकाराला प्रिय असलेला, कुणाचीही भीड न धरणारा प्रकाश.

एका चित्रातल्या किरमिजी वस्त्राकडे बोट दाखवून श्रीरंग काही सांगत होता. सांगता सांगता तो वडिलांकडे वळला. प्रकाश त्याच्या डोळ्यांवर पडला.

आणि अच्युतरावांना त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. तो पांढरा नव्हता.

हरताळाचा रंग त्यांना ठाऊक होता. तरुणपणी पाट्यावर तो घोटला होता त्यांनी. बोटाला लागला तर बोट तोंडात घालू नये, इतका विषारी, इतका सुंदर पिवळा. तोच रंग, पातळ, पाण्यात कालवलेला, आपल्या मुलाच्या डोळ्यांत उभा होता. महिनाभर ते त्याला संध्याकाळच्या उन्हात बघत होते, दिव्याच्या उजेडात बघत होते, जिथे सगळेच पिवळे असते.

चित्र मागे राहिले. दालनाच्या मध्यावर एक लाकडी बाक होते; त्यावर बाप आणि लेक बसले.

‘कधीपास्ना?’ अच्युतरावांनी विचारले.

श्रीरंगाने नाकारले नाही. आषाढात कळले होते. स्वादुपिंडात गाठ, ती यकृतापर्यंत पसरलेली. औषधे झाली, सुया झाल्या. कार्तिकात डॉक्टरांनी हात टेकले.

‘किती दीस म्हणतत?’

‘होळीपर्यंत.’

शाळेतल्या मुलांची एक रांग कुजबुजत समोरून गेली. ती जाईपर्यंत दोघेही समोरच्या चित्राकडे बघत राहिले.

मग श्रीरंगाने बापाचा कापरा हात आपल्या हातात घेतला. ‘आयेक सांगू नकात. ती खूश आसा, बाबा. कधी नाय ती इतकी खूश आसा.’

अच्युतरावांनी मान हलवली. शब्द दिला. आणि तो शब्द निखाऱ्यासारखा गिळून ते घरी आले.

त्या दिवसापासून त्यांना ऐकू येऊ लागले. जेवण झाले की आतले दार लागे. नळ सोडला जाई. आणि नळाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज, दाबलेला, फाटलेला, पुन्हा पुन्हा येणारा. दाराबाहेर मेधा हातात ओला टॉवेल घेऊन उभी असे. सासऱ्यांशी नजरानजर झाली की ती नजर खाली घेई.

स्वयंपाकघरात द्वारकाबाई गुणगुणत भांडी लावत असे. लेकाने ताट चाटूनपुसून स्वच्छ केले, याचा तिला कोण आनंद! उद्या आंबोळ्या करू. परवा घावणे. तेरवा मासळीबाजारातून ग्रूपर आणू, तो सुरमईसारखाच लागतो. आणि पुढच्या वर्षी श्रीरंगाला पन्नास लागतील, तेव्हा सावंतवाडीत साऱ्या आळीला जेवण.

तिचा आनंद वाढत होता. तिचे वाढणे वाढत होते. आणि तो तिचा प्रत्येक घास हसत गिळत होता, दाराआड ओकत होता.

नवव्या दिवशी मेधाने सासऱ्यांना अंगणात गाठले. तिचा आवाज अगदी खाली होता.

‘बाबा, आता वेदनेच्या गोळ्यासुद्धा पोटात राहत नाहीत. जेवणाबरोबर त्याही बाहेर पडतात. रात्रभर विव्हळत असतो. त्याला नको जेवू म्हटलं, तर म्हणतो, आईला संशय येईल.’

अच्युतराव संत्र्याच्या झाडाखाली बराच वेळ उभे राहिले. एका हाती लेकाला दिलेला शब्द, दुसऱ्या हाती लेकाची कळ. तोलायला काहीच नव्हते. तरीही ते तोलत राहिले.

त्याच दुपारी व्हायोलिनांची मैफल होती. श्रीरंग आणि मेधा गाडी लावायला गेले, आणि दोघे म्हातारे खाडीकाठच्या कठड्याशी बसले. पाणी चकाकत होते. शिडांच्या पांढऱ्या होड्या संथ डुलत होत्या. आजूबाजूला अत्तरे, मोत्यांच्या माळा, हास्याची किणकिण.

अच्युतरावांनी सांगितले. आडवळण घेतले नाही. तिला आडवळणाची सवय नव्हती. नाव सांगितले रोगाचे. होळी सांगितली. आणि सगळ्यात शेवटी नळाखालचा तो आवाज सांगितला.

द्वारकाबाई रडली नाही. तिने आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि कुणा परक्याची वस्तू बघावी तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

‘ह्याच हातान,’ ती म्हणाली. ‘ह्याच हातान मी त्येका रोज बळेच भरवलंय.’

‘तुका खंय म्हायत होता?’

‘आवस मी त्येची. म्हायत व्हया होता.’

तेवढ्यात श्रीरंग हात हलवत आला. ऊन त्याच्या खांद्यांच्या टोकदार हाडांवर होते. द्वारकाबाई उठली. पदर सारखा केला. लेकाच्या दंडाला धरून ती आत गेली, आपल्या खुर्चीवर ताठ बसली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनेही वाजवल्या. थांबले तेव्हा थांबली. दोन तास ती बसून होती. एकही सूर तिच्यापर्यंत पोचला नाही.

दुसरा दिवस रविवार. श्रीरंगाचे चौतीस दिवस उरले होते; होळी त्याहूनही लांब होती. पण चौतीस हा आकडा तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता.

तिने नेहमीसारखा स्वयंपाक केला. पडवीतल्या मेजावर चार ताटे मांडली. पलीकडे आखात निळे, निवांत, निर्दय पसरले होते. तिने नवऱ्याला भात वाढला, मेधाला वाढला, स्वतःला वाढून घेतला. श्रीरंगाच्या ताटाशी आली, आणि डाव भांड्यात परत ठेवला.

चौथे ताट रिकामे राहिले.

श्रीरंगाने आधी ताटाकडे पाहिले, मग आईकडे, मग वडिलांकडे. अच्युतरावांनी मान खाली घातली नाही. शब्द मोडला होता. तो मोडल्याची शिक्षा घ्यायला ते तयार होते. पण लेकाच्या पिवळ्या डोळ्यांत राग नव्हता. होता तो केवळ थकवा, आणि तोही आता उतरून ठेवलेला.

‘आज काय खाव नको,’ द्वारकाबाई म्हणाली. ‘नुसतो माझ्या बाजूक बस.’

तो बसला. ती डाव्या हाताने त्याची पाठ चोळत राहिली, मणका न् मणका, आणि उजव्या हाताने जेवली. घास उतरत नव्हता, तरी जेवली, कारण आता तिच्या न जेवण्याचे ओझे त्याच्यावर पडले असते. मेधाच्या डोळ्यांतून पाणी ताटात गळत होते, आणि कुणी तिला थांबवले नाही. श्रीरंग बोलत होता. लहानपणी बापाच्या ओल्या पडद्यावर पाय देऊन अख्ख्या राजवाड्यावर चिखल उमटवल्याची गोष्ट त्याने सांगितली. अच्युतराव हसले. साऱ्या सीझनमध्ये पहिल्यांदाच श्रीरंग घरच्या जेवणाच्या शेवटापर्यंत मेजाशी बसून होता. फोन आला नाही. दार लागले नाही. नळ वाहिला नाही.

मग सगळी उठली, आणि द्वारकाबाईने ताटे गोळा केली. तीन ताटे उष्टी होती. चौथे कोरे होते. तरी तेही तिने घासले. काठ घासले, तळ घासला, धारेखाली धरले, दोन्ही हातांनी वर उचलले. क्षणभर त्यात आखाताचे सारे आभाळ उतरले, थरथरले, आणि थेंबाथेंबाने निथळून गेले.