अर्धा आटा जास्त

शहाऐंशीच्या दुष्काळात नळदुर्गच्या हायवेवर, मच्छिंद्रच्या गॅरेजपुढं एक लाल विलायती गाडी येऊन थांबली, आणि शेजारच्या ढाब्यावरची निम्मी माणसं चहा टाकून धावत आली. गाडी इतकी बसकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर बसल्यासारखंच. तिच्यातून हैदराबादचे तेलगिरणीवाले धुळाप्पा शेट बाहेर आले. त्यांचा देह त्या दारातून निघायला बराच वेळ लागला.

"मेव्हण्यानं दुबईहून धाडली," शेट घाम पुसत म्हणाले. "परवापर्यंत वाऱ्यागत पळत होती. आता नुसती फुसफुस करती बघ."

मच्छिंद्रनं आजवर ट्रक उघडले होते आणि विहिरीवरची ऑइल इंजिनं. पण मशिनपुढं बुजायचं त्याला ठाऊकच नव्हतं. तासाभरात त्याला खेळ उमगला. बाहेर पडणारा धूर एक बारकं चाक फिरवतो, ते चाक लोहाराच्या भात्यासारखं इंजिनात हवा कोंबतं, आणि मग इंजिन चवताळतं. चाकानं वेग घेईपर्यंत मात्र गाडी पेंगत असते. त्या हवेचा रबरी पाइपच उभा चिरला होता.

पाइप व्हायला सांज होणार होती. शेट सावलीला म्हणून गॅरेजच्या मागं गेले. तिथं मच्छिंद्रची आई भिमाबाई आपल्या दोन बैलांना, मोऱ्या-पाखऱ्याला, पाणी पाजत होती.

"ही हाडं कशाला सांभाळलीत, मावशी?"

झालं! भिमाबाईला तिच्या बैलांवरून बोललेलं कधीच खपलं नव्हतं. मोऱ्याला तर तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. दूध सोसायटीचा कडबा फक्त दुभत्या जनावरांना मिळायचा, म्हणून ही बाई दिवसभर बांध धुंडाळून यांची पोटं भरायची. आता बांधही सरले होते. येत्या सोमवारी बैल बाजारात न्यायचं ठरलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"तुमच्या त्या लाल डबड्याच्या म्होरं पळून दावतील," ती कडाडली.

शेट पोट धरून हसले. "पळवा की! म्या हरलो तर दोन ट्रक कडबा. बिदरकडं मळा हाय माझा, पाण्याखालचा. पण जिंकलो तर?"

"तर सोमवारच्या बाजाराची वाट कशाला बघायची? तुमीच न्या बैल."

पैज लागली. उद्या सकाळी, गावाबाहेरच्या कोरड्या तलावात, दीडशे पावलं.

सांजच्याला मच्छिंद्रनं ऑइल इंजिनचा जाड पाइप कापून गाडीला बसवला. दोन्ही टोकांना चाप लावले. भिमाबाई हळूच शेजारी येऊन बसली.

"मच्छिंद्रा, त्यो चाप जरा ढिला ठिव. कुनाला कळतंय?"

कुणालाच कळलं नसतं. जोर लागला की पाइप सुटला असता आणि गाडी पुन्हा फुसफुसत राहिली असती. मच्छिंद्रला बैलांचा लळा का कमी होता? त्याचा हात थांबला, चांगला थांबला. मग त्यानं पाना लावला, चाप पुरता आवळला, आणि वर अर्धा आटा जास्तच फिरवला.

"आये, ढिलं काम माझ्या हातनं न्हाय व्हायचं."

"मंग हरल्यावर बैल त्येच्या हवाली तूच कर. म्या न्हाय करायची." ती उठून गेली. रात्री ढाब्यावर ही गोष्ट कळली तेव्हा सगळ्यांनी त्याला खुळ्यात काढलं.

सकाळी तलावात जत्रा भरली. एका बाजूला गुरगुरणारी गाडी, दुसऱ्या बाजूला छकड्यावर पदर खोचून उभी भिमाबाई. मच्छिंद्रची बायको चांगुणा हिनं लाल फडकं खाली टाकलं आणि बैल उधळले.

गाडीही निघाली, पेंगतच, पण बैलांच्या पुढं. चाळीस पावलं ती पुढंच होती.

तेवढ्यात ते बारकं चाक जागं झालं. सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर आली. तलावाचा वरचा पापुद्रा फुटला आणि खालच्या पिठासारख्या गाळात चाकं गरगर फिरायला लागली. गाडीनं शेपूट फिरवलं आणि तोंड नळदुर्गच्या किल्ल्याकडं केलं. शेटनी पाय दाबला, ती आणखी रुतली. पाय उचलला की इंजिन पेंगायचं, दाबला की खड्डा खोल व्हायचा. धुळीच्या ढगातून नुसती त्या बारक्या चाकाची शिट्टी ऐकू येत होती, आणि तिकडं मोऱ्या-पाखऱ्या रेघ ओलांडून गेलेसुद्धा! भिमाबाई थांबेना. आरडत, हसत, रडत तिनं सबंध तलावाला वळसा घातला.

शेट नखशिखांत मातीनं भरून बाहेर आले, तेही हसतच.

"पोरा, कालची फाटकी गाडी हळूहळू सरळ गेली असती की रे! हितं जोर काय कामाचा? जमीन धरीना. तू पाइप लई झाक बसवलास, म्हनून हरलो."

हे मच्छिंद्रच्या ध्यानीमनीही नव्हतं. भिमाबाईनं मात्र ते ऐकलं, लेकाकडं एकदा बघितलं, आणि गाडीला दोर बांधला. मोऱ्या-पाखऱ्यांनी विलायती गाडी गाळातून ओढून काढली, तेव्हा तर पोरांनी शिट्ट्यांनी तलाव दणाणून सोडला.

रविवारी दोन ट्रक कडबा आला. रचता रचता सगळ्यांचे हात सोलून निघाले, आणि मच्छिंद्र मेल्यासारखा झोपला.

दिवस उगवता उगवता आईनं त्याला हलवलं.

"ऊठ. सोमवार हाय. बाजारला जायाचं."

तो ताडकन उठून बसला. "आता कशाला, आये?"

"बैलांना घुंगरमाळा घ्याच्या हायेत," भिमाबाई म्हणाली. "आन तुला एक नवा पाना. हाय त्यो झिजलाय. अर्धा आटा जास्त आवळायची सवय हाय न्हवं तुला."