कानपिळीचा मान

इंग्लंडच्या क्लबचा नकार आला आणि सौमित्र पेंडसेने पहिलं काम केलं ते हे, की बहिणीच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवून सोफ्यामागे ढकलला. कोथरूडच्या दोन खोल्यांत माणूस राग काढणार तरी कशावर?

"फोटोनं काय घोडं मारलंय तुझं?" बाबांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

घोडं मारलंच होतं. रग्बी लीग खेळायला क्लबला सौमित्र हवा होता, करार तयार होता, अडलं ते व्हिसापाशी. अट अशी, की परदेशी खेळाडू आपल्या देशाच्या शेवटच्या चार सामन्यांपैकी तीन तरी खेळलेला हवा. एक सामना खांदा निखळल्यामुळे गेला होता. दुसरा नेमका अपूर्वाच्या लग्नाच्या दिवशी आला. वधूचा सख्खा भाऊ असताना नवरदेवाचा कान दुसऱ्या कुणी पिळायचा, हे बाबांना मान्य नव्हतं. संघ बँकॉकच्या चिखलात लोळत होता तेव्हा हा पठ्ठ्या फेटा बांधून सलिलचा कान धरून उभा होता. मानाचा शर्टपीस तेवढा पदरात पडला.

"आमोद होता की मांडवात," सौमित्र म्हणाला. "त्याला कान सापडला नसता का?"

"चुलत तो चुलत."

माहेरी आलेली अपूर्वा चहा घेऊन आली ती तशीच उभी राहिली. "बाबा, आता तरी सांगा त्याला. सलिलच्या घरच्यांनी त्याच्या पुढच्या महिन्यातलाही मुहूर्त सुचवला होता. कार्यालयसुद्धा मोकळं होतं."

बाबांनी पेपरची घडी घातली. हा माणूस खोटं कधी बोलत नसे. फक्त विचारल्याशिवाय खरं सांगत नसे.

"होता मुहूर्त. मीच नको म्हणालो."

सौमित्रच्या डोक्यात तिडीक गेली. तरी त्याने बापाला एक वाट ठेवली. "त्या अटीचं तुमच्या लक्षात नसेल ना आलं?"

"न यायला काय झालं? इथंच जेवताना पोळीचे चार तुकडे करून तूच समजावलं होतंस." बाबांचा आवाज चढला नाही. "तुझी आई गेली. ही सासरी निघाली. तू साहेबाच्या देशात जाणार. मी काय भिंतींशी गप्पा मारायच्या?"

"मग तसं म्हणायचंत. राहा म्हणायचंत."

"राहिला असतास?"

खरं उत्तर 'नाही' हे सौमित्रला ठाऊक होतं, पण ते देऊन बापाचं बरोबर ठरवण्याइतकी दया त्याच्यात उरली नव्हती. तो आत गेला, कपाटातले कपडे बॅगेत कोंबले आणि चपला घालायला दारात आला.

"निघालास कुठे? व्हिसा तर मिळाला नाही."

"संघातल्या सुदर्शनच्या खोलीवर, धायरीला. कायमचा. तिथं व्हिसा लागत नाही."

बाबांनी अपूर्वाकडे पाहिलं. तिने भावाला थांबवलं नाही; दार उघडून धरलं.