सहा बटणांचा बोर्ड

टाकीवाल्याने आयुष्यात कधी तोंडाने कुणाचे आभार मानले नव्हते. माणूस कृतघ्न होता अशातला भाग नाही. केलेलं त्याला बरोबर लक्षात राहायचं. फक्त ते बोलून दाखवायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. कुणी मदत केली, तर हा त्याच्या घरी जाऊन न सांगता गळका नळ दुरुस्त करून यायचा आणि विषय संपला असं समजायचा. बायकोच्या बाबतीत ही सोयही नव्हती, कारण तिच्या घरचे नळ त्याचेच होते.

आठ महिन्यांपूर्वी तो एका इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून खाली आला. उतरून नव्हे, पडून. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली, आणि गावभरच्या टाक्या धुऊन देणारा माणूस पलंगाला खिळला. आता धंदा बसला, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. तिसऱ्या आठवड्यात बायकोने भिंतीवरच्या खिळ्यावरून पिकअपची किल्ली काढली. ती लग्नाआधीच गाडी चालवायला शिकली होती, हे टाकीवाल्याला ठाऊक होतं. पण एखाद्या बाईला पोहता येतं हे जितपत लक्षात ठेवावं, तितपतच त्याने ते ठेवलं होतं. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईला टाकीच्या तोंडाशी पहाऱ्याला उभं करून ती स्वतः आत उतरायला लागली. घर चाललं, औषधं आली, आणि महिन्या-दोन महिन्यांत फोनवर लोक विचारायला लागले, "टाकीवाल्या ताई आहेत का?"

पलंगावरून असे फोन घेताना टाकीवाल्याला थोडं लागायचं. खोटं कशाला बोला.

शुक्रवारी डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवायला हरकत नाही, शिडीचं मात्र आयुष्यात नाव काढायचं नाही. घरी आल्यावर बायकोने खांद्यावरची पिशवी ठेवली, किल्ली काढली आणि पूर्वीच्या जागी, त्याच्या खिळ्याला, लावून टाकली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. टाकीवाल्याला वाटलं, सुटली बिचारी. ते पातेलं त्याला ऐकू आलं नाही. त्याच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, आलं. नवरा गेल्यापासून अक्का त्यांच्याकडेच राहायची, आणि तिच्या कानातून त्या घरात काही सुटत नसे.

बायकोसाठी काहीतरी करायचं, हे टाकीवाल्याने महिनाभर आधीच ठरवलं होतं. त्याला नळ नाही, पण वायर सापडली होती. पिकअपच्या मागे गाळ उपसायचा पंप होता, टाकीत हवा सोडायचा पंखा होता, कामाचा मोठा दिवा होता आणि टपावर एक पिवळा फिरता दिवा होता. ही चार यंत्रं चालवायची, तर दर वेळी बोनेट उघडून, मोठे चिमटे थेट बॅटरीला लावायला लागायचे. त्याने अकरा वर्षं तसंच केलं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. एकदा लाल चिमटा निसटून डावखुऱ्या बायकोचा डावा तळवा भाजला. पुढचे कित्येक दिवस औषधाची गोळी त्याच तळव्यावरून त्याच्या पुढ्यात यायची. आता सहा बटणांचा एक बोर्ड त्याने मागवून ठेवला होता. चार बटणं चार यंत्रांना, दोन पुढे काही लागलं तर. चालकाच्या जागेवर बसायचं, बटण दाबायचं, काम सुरू. सोमवारी एका शाळेची मोठी टाकी धुवायची होती. त्याच्या आत बोर्ड लागलाच पाहिजे, असा त्याने चंग बांधला.

शनिवारी बायको सामान आणायला बाहेर पडली आणि हा कामाला लागला. टाक्यांच्या आधी त्याने काही वर्षं वायरमनचं काम केलं होतं, तो हात अजून गेला नव्हता. अक्का प्लास्टिकच्या स्टुलावर, उघड्या दाराशी, मांडीवर स्क्रूंची वाटी आणि हातात टॉर्च घेऊन बसली. काय हवं ते दाखव म्हटलं की तिचा उजेड नेमका दुसरीकडे पडायचा.

तो गाडीत चढला आणि त्याचा गुडघा स्टिअरिंगवर असा आदळला की डोळ्यांसमोर तारे चमकले. सीट पार पुढे ओढलेली होती. त्याने सीटखालचा दांडा उचलला आणि पाठीने रेटून सीट मागे, स्वतःच्या जागेवर नेली.

"हं. आता कसं मोकळं वाटलं," तो म्हणाला.

"तुला वाटलं," अक्का म्हणाली.

बोर्ड कुठे बसवायचा याची त्याची एक रीत होती. डोळे मिटायचे, डावा हात सैल सोडायचा, आणि तो जिथे आपोआप पडेल तिथेच बटण. रस्त्यावरची नजर बटण शोधायला खाली वळली, की ते बटण चुकीच्या जागी आहे असं समजावं. त्याने डोळे मिटले. हात हँडब्रेकच्या जरा मागे पडला. तिथे पेन्सिलने खुणा केल्या, ड्रिल चालवलं, चार भोकं पाडली आणि बोर्ड स्क्रूंनी पक्का बसवला. चोख काम. त्याने मान मागे नेऊन दोनदा पाहिलं.

मग बॅटरीपासून जाड वायर ओढली. बॅटरीच्या अगदी जवळ मोठा फ्यूज दिला, म्हणजे पुढे कुठे वायर घासली तरी आग लागायची नाही. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात जुनं रबरी बूच होतं, त्यातून वायर आत घेतली. तिचं टोक आतून हाताला सापडेना, म्हणून त्याने समोरचा सामानाचा कप्पाच खोलला. कप्पा सुटला आणि आतून एक वही त्याच्या मांडीवर पडली. पाण्याने फुगलेली, कोपरे दुमडलेले, पाठीला चिकटपट्टी.

त्याला वाटलं गाडीचे कागद असतील. होत्या टाक्या. पानापानावर एकेक टाकी, पेन्सिलने काढलेली. झाकण कुठल्या बाजूने उघडतं. आत उतरल्यावर डावीकडे खड्डा आहे. इथे कुत्रं बांधलेलं असतं, पण दोरी लांब आहे. इथल्या आजोबांना ऐकू येत नाही, वाजवत बसू नये, खिडकीपाशी जाऊन हात हलवावा. इथे पंखा आधी दहा मिनिटं, मग उतरायचं, वास येतो. अक्षर बायकोचं, भाजल्यानंतरची काही पानं वेडीवाकडी.

तो पानं उलटत राहिला. मग एका पानावर थांबला. ती गच्ची त्याने चित्रातही ओळखली. टाकीच्या बाजूला शिडी काढली होती आणि तिच्या मधल्या पायरीला पेन्सिलने गिरवून गिरवून गाठ. खाली लिहिलं होतं, *शिडी हलते. आधी दोरीने बांधायची. मगच पाय ठेवायचा.*

ती तिथे गेली होती. ज्या शिडीवरून तो पडला, त्याच शिडीवर ती चढली होती, आणि घरी येऊन एका शब्दाने बोलली नव्हती. हे कधी झालं, त्या दिवशी आपण काय करत होतो, बहुतेक गोळी उशिरा दिली म्हणून तिच्यावर करवादलो असू, असं सगळं त्याच्या मनात एकदम आलं.

"काय रे, वायर चावली का?" अक्काने विचारलं.

त्याने वही तिच्यापुढे धरली. अक्काने चष्मा वर करून ते पान वाचलं, वही मिटली आणि नाकाने एक लांब श्वास घेतला.

"हा बोर्ड तू कुणासाठी लावतोयस?"

"तिच्यासाठी. दर वेळी बोनेट उघडायचं, हात भाजून घ्यायचा. बास झालं ते."

"आणि सोमवारपासून गाडी कोण काढणार?"

"मी. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? शिडी चढायला एखादा पोरगा ठेवीन."

"मग तिचा हात भाजणार कुठून?"

टाकीवाला हातातली वायर उगाच सोलायला लागला.

"बटणं तुला आणि पातेली तिला," अक्का म्हणाली. "छान बक्षीस काढलंयस. काल अर्धा तास एकच पातेलं घासत होती. भोक पडलं नाही हे नशीब."

त्याने सीटकडे पाहिलं. दांडा उचलून ती पुन्हा पुढे, होती तिथे ओढली आणि गुडघे पोटाशी घेऊन तीत कसाबसा मावला. इथे बसून बोर्डाला हात लावायचा म्हणजे कंबरेतून मागे वळायला हवं होतं, रस्ता सोडून. तिचे आभार मानायला निघाला होता आणि माप स्वतःच्या हाताचं घेऊन बसला होता. इतकी लाज त्याला पडला त्या दिवशीही वाटली नव्हती. त्याने बोर्डाचे चारही स्क्रू काढले आणि वाटीत टाकले.

तेवढ्यात बायको आली. दोन्ही हातांत पिशव्या, आणि समोर आतडी बाहेर काढल्यासारखी गाडी.

"लगेच सुरू पण झालं तुमचं?" ती म्हणाली. आवाज हसरा ठेवायचा तिने प्रयत्न केला. "बरं आहे. तुमची गाडी तुमच्या हातात आली की बरं वाटेल तुम्हाला."

"पिशव्या ठेव आणि इथे बस."

"मी कशाला?"

"माप घ्यायचंय."

ती बसली. तिची नजर भोकांवर गेली. "चार भोकं तर पाडून झालीत."

"ती चुकली."

"ऐकलंस का गं?" अक्का स्टुलावरून म्हणाली. "चुकलं म्हणाला. तारीख लिहून ठेव कुठेतरी."

"वन्सं, थांबा जरा," बायको म्हणाली. ती नवऱ्याकडे पाहत होती. तिचा डावा हात मांडीवर मुठीत वळलेला होता. "सोमवारपासून गाडी तुम्ही नेणार ना? मग माझं माप घेऊन काय करायचंय? मला बरं वाटावं म्हणून काही करू नका. ते नकोय मला."

टाकीवाला दाराला धरून उभा होता. पाय दुखायला लागला होता, पण आत्ता बसलो तर बोलणं राहील हे त्याला कळत होतं.

"तुझी वही वाचली मी," तो म्हणाला. "अकरा वर्षं टाक्या धुतल्या. कुठलं झाकण कुठून उघडतं हे लिहून ठेवावं असं मला एकदाही सुचलं नाही. ती शिडी हलते हे मला माहीत होतं गं. दर वेळी वाटायचं, आजचं भागवू. दोरी गाडीतच होती. ती तू बांधलीस." त्याने दाराची पकड बदलली. "शिडी मला बंद झाली म्हणून नाही म्हणत. चांगला असतो तरी हेच म्हटलं असतं, निदान म्हणायला हवं होतं. गाडी तू काढायचीस. मी शेजारी बसेन. खाली पाइप धरेन. गिऱ्हाइकांशी बोलेन."

"गिऱ्हाइकांशी मीच बोलेन," ती म्हणाली. "तुम्ही भांडता." आणि मग तिला एकदम रडू आलं. तिने ते ओढणीच्या टोकाने पुसलं आणि रागाने म्हणाली, "काल किल्ली लावताना वाटलं, संपलं. उद्यापासून परत कुणी फोन केला, तर सांगायचं, ताई नाहीत."

"डोळे मीट," टाकीवाला म्हणाला. "हात सोड. आपोआप पडू दे."

तिने मूठ उघडली. हात पडला तो गिअरच्या पुढे, डॅशबोर्डच्या कडेशी, त्याच्या भोकांपासून चांगला वीतभर लांब. त्याने तिच्या बोटांभोवती पेन्सिल फिरवली. भाजल्याचा डाग जवळून पाहिला. मग तिला उतरवलं आणि पुन्हा ड्रिल हातात घेतलं.

दुपार कलली तेव्हा शेवटचा स्क्रू बसला. आधीची भोकं तो बुजवणार होता, पण बायको म्हणाली राहू द्या, तिथे हुक लावा, वही अडकवता येईल. मग ती आत बसली, सीट एक खाच आणखी पुढे घेतली आणि एकेक बटण दाबत गेली. पिवळा दिवा टपावर फिरायला लागला. मागचा दिवा पेटला. पंप घरघरला. शेवटी पंखा सुरू झाला आणि गल्लीत एवढा गोंगाट झाला की समोरच्या घरातून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

टाकीवाल्याला ही संधी बरी वाटली. एवढ्या आवाजात माणूस काहीही बोलू शकतो. तो खिडकीशी वाकला आणि पंख्याच्या दिशेने बघत भराभर म्हणाला, "तू होतीस म्हणून हे घर उभं राहिलं. मी पडलो आणि तू सावरलंस. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

बायको समोर रस्त्याकडेच पाहत होती. खाली न बघता तिने हात टाकला. पंखा बंद झाला. पंप बंद झाला. मागचा दिवा विझला. पिवळा दिवा अर्ध्या फेरीत थांबला. गल्लीत इतकी शांतता झाली की वाटीतल्या उरलेल्या स्क्रूचा आवाज आला.

"हं," बायको म्हणाली. "आता म्हणा."

टाकीवाल्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दुरुस्त करायला एकही नळ दिसेना. मग त्याने ते पुन्हा म्हटलं, तिच्याकडे बघून, अक्षरन् अक्षर.